हातलावणी

देवळाच्या पायरीशी ते जातं दिसतंय ना, त्याची वरची तळी बघा. बोटभर उरली आहे. दळून झिजली म्हणाल, तर नाही. ती रिकामी फिरून झिजली आहे. फोटो मागाहून काढा, आधी ऐका.

आमच्या निरगुडवाडीत कुणी गेलं की आम्ही सांत्वनाला जात नाही, हातलावणीला जातो. हा शब्द ठकूपासून आला असं सांगतात.

ठकू विधवा. तिचा एकुलता एक मुलगा शेजारच्या राहीच्या मुलाबरोबर गुरं घेऊन नदीपलीकडे गेला होता. परतताना लोंढा आला. राहीचा पोर म्हशीचं शेपूट धरून काठाला लागला. ठकूचा वाहून गेला, तो सापडलाही नाही.

ती याच जात्यावर त्याच्या भाकरीसाठी दळत होती म्हणे. बातमी कळली तरी उठली नाही. दाणे संपले, तरी जातं थांबेना. दगडावर दगड घासत राहिला. गाव येऊन बसलं. देवाची मर्जी, धीर धर, सगळं बोलून झालं, आणि बोलणारे आपापल्या घरी जेवायला गेले. ठकूच्या तळहातांची सालटी निघाली, पोटात अन्नाचा कण नव्हता. ही आता जात्यावरच जाणार, असं लोक म्हणू लागले.

राही तेवढी आली नव्हती. कोणत्या तोंडानं येणार? पण ती घरघर तिला ऐकवेना. शेवटी ती गेली, ठकूच्या समोर बसली आणि तिनं खुंट्याला हात लावला.

"तुझा आला," ठकू म्हणाली.

"आला," राही म्हणाली. दुसरं काही बोलली नाही, हेच बरं झालं.

दोघी रिकामं जातं ओढत राहिल्या. राहीच्याही हाताला फोड आले. दिवस कलला तेव्हा ठकूनं विचारलं, "पोर जेवलं का तुझं?"

राहीला रडू फुटलं. तो पोरगाही घरात उपाशीच बसून होता. ठकू उठली आणि तिनं सुपातले जोंधळे आणून जात्यात घातले.

तिचं दुःख सरलं असं मात्र कुणी सांगत नाही. मरेपर्यंत ती नदीवर गेली नाही.

आजही हातलावणीला गेलेलं माणूस बोलत नाही. त्या घरच्या जात्याच्या खुंट्याला हात लावून बसतं, आणि दुःखातलं माणूस 'जेवलास का' असं विचारेपर्यंत उठत नाही. माझी बायको गेली तेव्हा शेजारचा धोंडिबा आला होता. मला कितीतरी वेळ विचारायचं सुचलंच नाही. तो बसून राहिला.