चांदीच्या मुठीची काठी

उदेभान राजाच्या राज्यात कुत्र्यावर काठी उगारायची चोरी होती. उगारलीच कुणी, तर त्यानं महिनाभर आपल्या दारात कुत्र्यांना भाकरी घालायची, असा हुकूम! हुकूम सुचवला प्रधानजींनी. राजाला पुण्य हवं होतं, आणि हे पुण्य फुकटातलं होतं.

मग काय! नगरात जिकडं तिकडं कुत्रीच कुत्री. राजाच्या पालखीवरसुद्धा भुंकायला लागली. तेव्हा प्रधानजींनी दुसरी युक्ती काढली. गाड्या जुंपल्या, कुत्री भरली आणि लांब माळावर नेऊन सोडली. नगर स्वच्छ, पुण्य शाबूत!

माळावर भाकरी कोण घालणार? कुत्र्यांनी मेंढरं धरली. म्हाकू धनगरणीचा कळप तिथंच चरायचा. आज कोकरू गेलं, उद्या गाभण मेंढी. म्हाकू बाई मोठी तिखट! फाडलेलं कोकरू तिनं घोंगडीत गुंडाळलं आणि थेट दरबारात आणून ठेवलं.

"महाराज, तुमचं पुण्य माझी मेंढरं खातंय!"

प्रधानजी नाकाला शेला लावून म्हणाले, "बाई, मेंढरांना जरा पळायला शिकव."

"शिकवते की! तुम्ही तेवढं कुत्र्यांना गवत खायला शिकवा."

राजाला हसू आलं, पण हट्टही चढला. "हुकूम बदलणार नाही! एवढी शहाणी आहेस, तर अमावास्येपर्यंत कळप राखून दाखव. काठी उगारायची नाही, दगड मारायचा नाही, काट्यांचं कुंपण घालायचं नाही."

"आणि वाघर?" म्हाकूनं विचारलं. वाघर म्हणजे रात्री मेंढरांभोवती लावायची जाळी.

"छे छे!" प्रधानजी कळवळले. "बिचाऱ्यांचा पाय अडकला तर?"

"राखलास तर मागशील ते देईन," राजा म्हणाला. "एक जरी मेंढरू गेलं, तर कळप सरकारजमा आणि तू राज्याबाहेर!"

म्हाकूनं मनात हिशेब मांडला. कळप गेला तर लेकरांच्या तोंडात घालायचं काय? पण चेहऱ्यावर दाखवील ती म्हाकू कसली!

"मेंढरं बसवायची कुठं, ते तरी माझ्या मनाचं ना?"

"जमिनीचा मालक हो म्हणेल तिथं खुशाल बसव!"

आता रीत अशी, की मेंढरं रात्रभर रानात बसली की लेंड्यांचं खत पडतं आणि जमीन झकास पिकते. म्हणून शेतकरी धनगराला शिधा देऊन कळप आपल्या रानात बसवून घेतो. म्हाकू दरबारातून निघाली ती राजाच्या बागेतल्या माळ्याकडं गेली.

"माळीदादा, गुलाब असे तोंड पाडून का बसलेत?"

"काय सांगू बाई! महाराज रोज खडसावतात. खत आणू कुठून?"

"मी बसवते की मेंढरं. शिधासुद्धा नको."

माळी धावतच राजाकडं गेला. "महाराज, बागेत मेंढरं बसवू का? फुकट मिळतायत."

फुकट म्हटल्यावर राजाचे डोळे चमकले. "बसव की! विचारतोस काय?"

कुणाची मेंढरं, हे विचारायचं राहूनच गेलं!

संध्याकाळी कळप बागेत बसला. उजाडता उजाडता वास काढत कुत्री आली. फाटकावरच्या पहारेकऱ्यांनी भाले खाली केले आणि अदबीनं वाट दिली. हुकूमच तसा, बापडे करणार काय?

मेंढरं होती पार कोपऱ्यात, भिंतीला लागून, एकमेकांना घट्ट चिकटलेली. आणि मधल्या हिरवळीवर होती राजाची लाडकी हरिणी! बदाम खाऊन खाऊन गुबगुबीत झालेली, पळायचं पार विसरलेली. राजा नुकताच तिला भरवायला आला होता. एका हातात बदाम, दुसऱ्या हातात चांदीच्या मुठीची काठी.

कुत्र्यांनी हरिणीवर झेप घेतली. ती भेदरून राजाच्या पायांत शिरली. झालं! कुत्र्यांनी राजालाच घेरलं. एकानं तर शेल्याचं टोक दातात धरलं.

"हाड! हाड!" राजानं काठी हाणली ती नेमकी एकाच्या पेकाटात बसली. "अरे, बघत काय उभे राहिलात? मारा! धोंडे उचला!"

"पण महाराज, तो हुकूम..." पहारेकरी चाचरले.

"चुलीत घाला तो हुकूम!"

मग काय विचारता! भाले आले, धोंडे आले, माळ्याचं फावडं आलं. कुत्री शेपट्या घालून पळाली. राजा धापा टाकत वळला, तर कोपऱ्यात म्हाकू उभी!

"तू? इथं?"

"मालक हो म्हणाला, म्हणून बसवली. मोजून घ्या महाराज, एक कमी नाही. मी काठी उगारली नाही, दगड मारला नाही, जाळी लावली नाही. आता अमावास्येपर्यंत कळप इथंच ठेवीन म्हणते. राखणदार फार चांगला मिळालाय!"

राजानं हातातल्या काठीकडं पाहिलं, फाटक्या शेल्याकडं पाहिलं आणि तो खो खो हसत सुटला. "हरलो बाई! पण काठी उगारली मी. आता महिनाभर भाकऱ्या मीच घालायच्या की काय?"

"तुम्ही कशाला महाराज? कुत्र्यांचा काय दोष, भुकेला जीव तो! त्यांना हवा मायेचा माणूस. त्यांचा पाय अडकेल म्हणून ज्याचं काळीज कळवळतं, असा!"

सगळ्यांच्या माना प्रधानजींकडं वळल्या. प्रधानजींची मान खाली वळली.

"माग, काय हवं ते!" राजा म्हणाला.

"माझी वाघर मला लावू द्या, माळ माझ्या नावानं करा. राखणीला दोन पिल्लं मी पाळीन. बाकीच्यांसाठी त्याच गाड्या पुन्हा जुंपा आणि प्रधानजींच्या अंगणात रिकाम्या करा."

राजानं सगळं दिलं, आणि वर चांदीच्या मुठीची काठीही दिली!

ती काठी खांद्यावर टाकून म्हाकू कळप घेऊन निघाली. वाटेत प्रधानजींचं घर लागलं. अंगणभर कुत्री, आणि प्रधानजी धोतर सावरत ओसरीच्या कठड्यावर चढलेले.

"म्हाकूबाई," ते काकुळतीला येऊन म्हणाले, "तुमची ती वाघर जरा उसनी मिळेल का हो?"

"छे छे!" म्हाकू म्हणाली. "बिचाऱ्यांचा पाय अडकला तर?"

समोरच्या राजवाड्याच्या सज्जातून राजा बघत होता. तो असा हसला, असा हसला, की त्याची पगडी सज्जातून थेट त्या अंगणात पडली. ती उचलायला अंगणात उतरायची मात्र प्रधानजींची काही छाती झाली नाही!