तबकातली विळी

ही गोष्ट बाहेर कुणाला सांगायची नाही, असं आईनं बजावलं होतं, तरी सांगते.

हरलेल्या कोरलगडावर सम्राट चंडसेनाने दोन अटी लादल्या. राज्यात एकही शस्त्र ठेवायचं नाही, आणि दसऱ्याला राजाचं शस्त्र त्याच्या पायाशी आणून ठेवायचं. नाही आणलं, तर राज्य खालसा!

दसऱ्याला कोरलगडच्या वकील सुभद्राक्का झाकलेलं तबक घेऊन दरबारात आल्या. त्यांनी रुमाल काढला आणि सगळा दरबार जागीच थिजला. तबकात भाजी चिरायची विळी होती.

"ही थट्टा?" सम्राट ओरडला.

"थट्टा कसली, महाराज? तलवारी तुम्हीच नेल्यात. आमच्या राजाकडे एवढंच पातं उरलंय. आता भाटांना गाऊ द्या, 'विळी जिंकणारे चंडसेन!'"

सम्राटाचा चेहरा पांढराफटक पडला.

"यांची गादी राहू द्या, तलवारी परत द्या," तो कसाबसा म्हणाला. "पण ती विळी झाका आधी!"

"आधी शिक्का, महाराज. मग रुमाल."

शिक्का उमटला. विळी मात्र अक्कांनी परत आणली, आणि अजूनही ती आमच्या—

"मंजू, विळी कुठं ठेवलीस गं?" स्वयंपाकघरातून आईची हाक आली.