हेमवतीच्या घाटावरचा कलाल

पूर्वी हिमालयाच्या पायथ्याशी देवपूर नगरात राजा अंशुमान राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व एका कलालाच्या घरी जन्मला होता. त्याचे नाव मेघिल. हेमवती नदीच्या घाटावर त्याचे दारूचे दुकान होते आणि ते झकास चालत असे, कारण नदीतून देवदाराचे ओंडके हाकत आणणारी सगळी माणसे त्याचीच गिऱ्हाईके होती.

बर्फ वितळू लागले की ही माणसे छातीएवढ्या गार पाण्यात उतरत. उतरण्याआधी भोपळ्याच्या पळ्याने दारू प्यायची, असा त्यांचा रिवाज. तिने अंगात ऊब राहते, दंडात बळ येते, अशी पक्की समजूत. आजोबांच्या वेळी तीन पळे पुरत. मग कोणीतरी गारठून मेला, म्हातारे मान डोलावून म्हणाले, "कमी प्याला बिचारा," आणि माप चारावर गेले. असे एकेक जण मरता मरता ते सातावर आले होते. वा रे शहाणपण! माणसे घटत होती आणि पळे वाढत होते.

घाटावर न पिणारा एकटा मेघिल. दुकानदाराने स्वतःच्या मालाला तोंड लावायचे नाही, ही त्याच्या बापाची शिस्त. म्हणून इतरांना दिसत नसे ते त्याला दिसले. गाल लाल करून, गाणी म्हणत उतरणाऱ्यांचीच बोटे आधी आखडत. उपोसथाच्या, म्हणजे मद्य वर्ज्य असलेल्या व्रताच्या दिवशी न पिता उतरलेले मात्र कुडकुडत का होईना, आपल्या पायांनी घरी जात. तीन हंगाम त्याने हे पाहिले. चौथ्या हंगामाच्या पहिल्या सकाळी त्याने पळा बाजूला ठेवला आणि चुलीवर जवाची पेज चढवली.

आणि नेमकी त्याच दिवशी घळीत ओंडक्यांची कोंडी झाली! पाणी तुंबून फुगत चालले. कोंडी फुटली नाही तर काठची वस्ती बुडणार हे उघड होते. टोळीचा म्होरक्या पिंगळ धाकट्या भावाला घेऊन धावत आला. हा भाऊ चुल्लक, दोन लेकरांचा बाप. आजवर तो रानात झाडे तोडी. पाण्यात प्रथमच उतरत होता.

"भर पळे!" पिंगळ ओरडला. "याला आठ घाल."

"एकही नाही," मेघिल म्हणाला. "पिंगळ, दारू ऊब देत नाही रे. आतली ऊब कातडीवर आणते, म्हणून गरम वाटतं, आणि तीच ऊब नदी घेऊन जाते. हुडहुडी भरते ती शरीराची हाक असते. दारू ती हाकच दाबून टाकते."

"कलालच दारूला नावं ठेवायला लागला!" लोक खो खो हसले.

पिंगळने त्याला ढकलले, रांजणात पळा बुडवला आणि सात पळे घटाघटा संपवले. आठवा त्याने चुल्लकपुढे धरला.

"नको दादा. मी पेज घेतो."

आज भाऊ हातचा जाणार, असेच पिंगळला वाटले. पण पाणी थांबणार नव्हते. कमरेला दोर बांधून दोघांनी उड्या टाकल्या.

काय मजा होती! पिंगळला पाणी मुळी गार लागेचना. तो ओंडक्यांवर घाव घालीत होता, गात होता, काठावरून लोक आरोळ्या देत होते. चुल्लक मात्र तीनदा थरथरत बाहेर गेला आणि शेकोटीशी अंग शेकून परत आला. "बाईमाणूस झालास का रे!" पिंगळ हसला. आता सगळी कोंडी अडवून धरणारा मुख्य ओंडका समोर होता. पिंगळने कुऱ्हाड उगारली आणि ती हातातून निसटून पाण्यात गेली. बोटे मिटतच नव्हती! याचेही त्याला हसू आले. जरा इथेच बसावे, असे वाटले.

चुल्लकने ते पाहिले. त्याने भावाला एका हाताने कवटाळले आणि दुसऱ्या हाताने घावावर घाव घातले. ओंडका कडाडला, कोंडी गडगडत फुटली, आणि लोकांनी दोर ओढून दोघांना काठावर घेतले!

पिंगळ निळा पडला होता. "कमी प्याला! आणखी दोन पळे ओता तोंडात!" म्हातारे ओरडले आणि लोक रांजणाकडे धावले.

मेघिलने कुऱ्हाड उचलून रांजण फोडला. मग दुसरा, मग तिसरा. वर्षभराचा माल वाळूत जिरला. लोकांसमोर त्याने पिंगळचे ओले कपडे काढले, त्याला घोंगडीत गुंडाळले, आणि तो व चुल्लक दोन्ही बाजूंनी त्याला बिलगून बसले. बऱ्याच वेळाने पिंगळला हुडहुडी भरली. मेघिल आनंदाने ओरडला, "आली! हाक आली!" मग घोट घोट पेज पाजली.

शुद्धीवर आलेल्या पिंगळने भावाच्या तोंडाकडे पाहिले. मग त्याला रडू फुटले. "बाबा असेच निळे पडले होते. मी त्यांना मांडीवर घेऊन दोन पळे पाजले. वाचतील म्हणून पाजले."

"ते पळे मी भरून दिले होते, पिंगळ," मेघिल म्हणाला.

आपल्या पूर्वजन्माची एवढी कथा शिष्यांना सांगून शास्ता, म्हणजे त्यांचे गुरू, म्हणाले, "भिक्खूंनो, त्या वेळचा पिंगळ म्हणजे थंडीवर औषध म्हणून मद्य मागणारा हा वृद्ध भिक्खू. चुल्लक म्हणजे त्याची सेवा करणारा त्याचा सोबती. आणि कलाल मेघिल, तो मीच होतो." स्वतःचा दोष न लपवता, पोट भरणारा धंदा बुडवूनही खरे ते सांगणे, हीच बोधिसत्त्वाची सत्यपारमी, म्हणजे सत्याची परिपूर्णता होय.