मागच्या रांगेचा आवाज

फार पूर्वी डोंगरांच्या कुशीत एक खोरं होतं. तिथल्या तीन वाड्यांत तीन लहान शाळा, आणि तिन्हींचा कारभार एका थोरल्या बाईंच्या हाती. नवा धडा द्यायला घाटापलीकडून एक गुरुजी आठवड्यातून एकदा यायचे आणि तिन्ही शाळा फिरून जायचे. एरवी पोरं त्याच धड्याची उजळणी करायची.

दरवर्षी जत्रेत मधल्या वाडीतल्या शाळेसमोरच्या पारावर तिन्ही शाळांच्या पोरांची परीक्षा व्हायची. पुढच्या रांगेत हुशार पोरं, धुतलेल्या टोप्या घालून. मागच्या रांगेला गुरुजींची एकच ताकीद असायची, "पाढे सुरू झाले की नुसते ओठ हलवा. आवाज नको." पाढे गोड सुरात व्हायचे, आईबाप डोळे पुसायचे, खोऱ्याचे देशमुख शाळांना वर्षाचं धान्य द्यायचे, आणि मंडळी जिलबीकडे वळायची.

आता बाजारातही पोत्याच्या तोंडाशी टपोरा दाणाच असतो, त्यात नवल नाही. पण गिऱ्हाईक शहाणं असेल तर कोपरापर्यंत हात घालून तळाचा दाणा काढतं. इथे दाखवणारे आणि बघणारे एकाच घरचे. हात घालायचा कुणी?

एके दिवशी नदीकाठी पाटी लागली, "होडी फुटली आहे. बसू नये." मागच्या रांगेतली सगुणा धाकट्या भावाला घेऊन त्याच होडीत बसली. होडी मधेच बुडाली; कोळ्यांनी केसांना धरून ओढलं, म्हणून दोघं वाचली.

"अगं, पाटी वाचली नाहीस?" थोरल्या बाईंनी विचारलं.

"मला वाचता नाही येत, बाई," सगुणा म्हणाली. "मला ओठ हलवता येतात."

जत्रा जवळ येताच बाईंनी गुरुजींना सांगितलं, "यंदा पोरं लोकांनी निवडायची. कुठल्याही रांगेतली."

गुरुजी हबकले. "बाई, पोरं कच्ची निघाली तर देशमुख शाळा बंद करतील. मग पोरांना घाटापलीकडच्या शाळेत जावं लागेल. पोरी तर उंबऱ्याच्या आतच राहतील. झाकली मूठ झाकलेलीच बरी."

"मूठ झाकलेलीच होती, गुरुजी. पोरगी बुडत होती."

जत्रेत लोक बोट दाखवतील ते पोर उठू लागलं. एक अडखळलं. दुसरं गप्पच राहिलं. तिसऱ्यानं सवयीनं ओठ हलवले. पाटील ताडकन उठले. "बाई, खोऱ्याची अब्रू चव्हाट्यावर मांडलीत."

"होती तेवढीच मांडली, पाटील. आता तुम्हीच सांगा, मागची रांग मागे का?"

सगुणाची भाजीवाली आई म्हणाली, "नवा धडा बाजाराच्या दिवशी असतो. त्या दिवशी आमची पोरं टोपल्यांपाशी बसतात."

"बाजाराच्याच दिवशी का हो, गुरुजी?" बाईंनी विचारलं.

गुरुजींनी मान खाली घातली. "त्या दिवशी आलो की जाताना भाजीही नेता येते."

"म्हणजे वांग्यांपायी धडे गेले," पाटील म्हणाले, आणि रागावलेला पार हसला.

देशमुख मात्र हसले नाहीत. "एक वर्षाची मुदत देतो. पुढच्या जत्रेत पोर मी निवडीन."

बाईंनी धड्याचा वार बदलला. मग शाळेची रस्त्याकडची भिंत चुन्यानं रंगवली आणि महिन्याच्या महिन्याला तिच्यावर कोळशानं लिहू लागल्या: पोरांना काय येतं, काय येत नाही. येणारेजाणारे चेष्टा करत, "काय बाई, भागाकार अजून रुसलेलाच का?"

"रुसलाय खरा. तुमच्या पोरीला रोज धाडा, म्हणजे रुसवा निघेल."

चेष्टा करता करता लोक पोरं धाडू लागले. संध्याकाळी पाटील स्वतः नातवाला भिंतीपुढे उभा करू लागले.

जत्रा आली. गुरुजी हळूच म्हणाले, "बाई, आजच्यापुरती भिंत पुसूया."

"आज तर मुळीच नाही."

देशमुखांनी मागच्या रांगेत सगुणाकडे बोट केलं. "वाच."

"काय वाचू?"

देशमुखांनी इकडेतिकडे पाहिलं आणि शाळेची भिंत दाखवली. गुरुजींनी डोळे मिटले. सगुणा उभी राहिली आणि खणखणीत आवाजात वाचू लागली, "आमच्या पोरांना आता वाचता येतं. बेरीज, वजाबाकी, गुणाकार येतो. भागाकार निम्म्यांना अजून येत नाही. तो शिकवणं चालू आहे."

जिलबीवाल्याचाही झारा थांबला होता.

"ही नुसते ओठ हलवत नव्हती ना?" देशमुखांनी विचारलं.

"नाही जी," गर्दीच्या टोकाकडून एक कोळी म्हणाला. "आवाज पार इथवर आला."

देशमुखांनी गाडीवानाला खूण केली. "धान्य उतरव. भागाकार पुढच्या साली ऐकू."

तात्पर्य एवढंच: आपलं उणं आपणच भिंतीवर लिहिलं तर सारं गाव ते भरायला येतं, आणि झाकलं, तर त्याची किंमत मागच्या रांगेतलं पोर मोजतं.