मिरीचे डोळे

समुद्राला मिळण्याआधी खाडी जिथे ऐसपैस पसरते, तिथे एके काळी एक लहानसं बंदर होतं. घाटावरून धान्य यायचं, वखारींत साठायचं आणि गलबतांतून दूरदेशी जायचं. धान्य आलं की उंदीर आलेच. पण या बंदरातल्या घुशी अशा माजलेल्या, की मांजरं त्यांना बघून वाट सोडायची.

त्या बंदरात आवडी नावाची एक बाई राहत होती. काथ्याची सुंभं वळून ती पोट भरायची. एकदा एका गलबताच्या तांडेलाला घाईने दोर हवे होते. आवडीने दोन दिवसांत वळून दिले. तांडेल खूश झाला आणि त्याने तिच्या ओंजळीत एक पिल्लू ठेवलं. परदेशी टेरियर जातीचं. आखूड पायांचं, राठ केसांचं, मिशाळ तोंडाचं, काळंभोर.

"घुशींचा काळ आहे ही," तांडेल म्हणाला. "मोठी होऊ दे, मग बघ."

आवडीने तिचं नाव ठेवलं मिरी. वर्षभरात मिरीने निम्म्या वखारी साफ केल्या. घूस बिळातून नुसती मिशी बाहेर काढी, आणि मिरीच्या तोंडात जाई.

लोक मागे लागले, "आवडी, हिची पिल्लं आम्हाला पाहिजेत. कधी देतेस?"

आवडी काही भुलली नाही. "पोर आहे अजून ती. तिचं अंग भरू दे," असं म्हणत तिने मिरीला दोन वर्षांची होऊ दिली. मग धक्क्याला लागलेल्या दुसऱ्या एका गलबतावर त्याच जातीचा कुत्रा आला. आवडी आठ दिवस रोज धक्क्यावर जाऊन त्याला न्याहाळत बसली. त्याचे दात पाहिले, चाल पाहिली, उगाच कुणाच्या अंगावर जातो का तेही पाहिलं. मन भरलं तेव्हाच तिने मिरीला त्याच्याकडे नेलं.

नऊ आठवडे भरत आले. आवडीने घरातल्या शांत कोपऱ्यात एक पसरट टोपली ठेवली, त्यात जुनेराच्या घड्या घातल्या. एका सकाळी मिरीने खाणं सोडलं, धापा टाकत ती टोपलीतली जुनेरं उकरू लागली. आवडीने काम बाजूला ठेवलं, दार लोटलं आणि कुणाला आत येऊ दिलं नाही. दुपारपर्यंत पाच पिल्लं झाली. चौथं पिल्लू निपचित होतं. आवडीने त्याच्या तोंडातला चिकटा बोटाने काढला आणि फडक्याने ते असं चोळलं, की शेवटी त्याने चिडून किंकाळी फोडली. आवडी रडता रडता हसली.

पुढे दोन महिने तिने मिरीला मासे घातलेली पेज आणि नाचणीची आंबील दिली. पिल्लांचे डोळे उघडले, पाय ठरले, तशी ती त्यांना अंगणात सोडू लागली. हातोड्यांचे ठोके, बैलांच्या घंटा, परकी माणसं, सगळ्यांची त्यांना सवय केली. महिन्याचं पिल्लू न्यायला कुणी आलं तर ती सांगायची, "अजून नाही. किती जोरात चावायचं ते ती भावंडांत शिकतायत. माझ्याने ते शिकवून होणार नाही."

दोन महिन्यांनी पिल्लं गेली. एक कुत्रा बंदराच्या खोतांकडे गेला. एक कुत्री धाकूकडे, तो मोठ्या वखारीचा राखणदार. एक कुत्री खाडीपलीकडच्या तेल्याकडे, आणि दोन पिल्लं एका गलबताबरोबर दूर गेली. सगळी निरोगी निघाली, चपळ निघाली. पंचक्रोशीत आवडीचं नाव झालं. पिल्लं वाढवावीत तर आवडीने, असं लोक म्हणू लागले.

आणि मग, मिरी साडेचार वर्षांची असताना, तिच्या तोंडची एक घूस निसटली.

आवडीला वाटलं, होतं असं कधीतरी. चार दिवसांनी मिरी पाण्याच्या घागरीला धडकली. मग पंजाने डोळा चोळत बसू लागली. डोळ्यात एक निळसर झाक दिसत होती, कधी दिसे, कधी दिसेनाशी होई. आवडी पुरती गोंधळली. हे काय झालंय मिरीला?

शेजारीण म्हणाली, "काथ्याचा भुसा गेला असेल गं." दुसरी म्हणाली, "इतकं कौतुक झालं तिचं, दृष्ट लागली." खारा वारा लागला असेल, घुशीचं नख लागलं असेल, म्हातारपण आलं असेल. आवडीने भुसा झटकला, दृष्ट काढली, तुपाची बोटं फिरवली. ज्याने जे सांगितलं ते केलं, आणि प्रत्येक वेळी तिला वाटे, आज जरा बरं दिसतंय. दुसऱ्या दिवशी मिरी पुन्हा उंबऱ्याला अडखळे.

शेवटी तिने वैद्यांना बोलावलं. त्यांनी मिरीचं तोंड उजेडाकडे करून बराच वेळ पाहिलं.

"बाहेरून काही गेलेलं नाही," ते म्हणाले. "डोळ्याच्या आतलं भिंगच जागेवरून सुटलंय. दुसऱ्याचीही तीच वाट आहे."

"पण कशाने?"

"ते मला सांगता येत नाही. दुखू नये म्हणून औषध देतो. नजर काही परत येणार नाही."

दिवाळीनंतर गलबतं फिरू लागली, तेव्हा मिरी देणारा तो तांडेल कित्येक वर्षांनी बंदरात आला. वैद्यांना न सुटलेला प्रश्न घेऊन आवडी धावतच धक्क्यावर गेली.

"तांडेल, मिरीची आई कशी आहे?"

"ती? मेली की. शेवटी आंधळी झाली होती बिचारी. पाच वर्षांची असेल नसेल. तिची आईही तशीच गेली म्हणे."

"आणि हे तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

तांडेलाला नवल वाटलं. "तू विचारलंस कुठे?" तो म्हणाला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याला खरंच विचारलं नव्हतं, म्हणून त्याने सांगितलं नव्हतं.

आवडी घरी आली ती डोकं धरूनच. तिने कुत्र्याचे दात पाहिले होते, चाल पाहिली होती. टोपली, जुनेर, पेज, सगळं नीट केलं होतं. आणि जे पाहायचं होतं ते तिच्या मनातही आलं नव्हतं. हे दुखणं मिरीच्या रक्तातलं होतं. मग पिल्लांचं काय? ती तर अडीच वर्षांची झाली, डोळे लखलखीत. त्यांना होणार का? नाही होणार? कुणाला विचारायचं?

त्यातच खोतांचा निरोप आला. मिरीचा मुलगा त्यांच्याकडे होता, मिरीची मुलगी धाकूकडे. खोतांनी ठरवलं होतं, या दोघांचीच पिल्लं घ्यायची. 'दोन्हीकडून मिरीचंच रक्त. म्हणजे पिल्लं दुप्पट तिखट! आवडीने येऊन सगळं आपल्या हाताने करावं, तिचा मान आहे.'

आवडी तीन दिवस सुंभ वळत बसली आणि तीन दिवस पीळ उलटा पडत राहिला. मनात एकदा येई, सांगून टाकावं. लगेच दुसरं येई, सांगू तरी काय? पिल्लं तर धडधाकट आहेत. उगाच लोकांच्या जिवाला घोर लावायचा, आणि इतक्या वर्षांचं नाव मातीत घालायचं. मला तरी कुणी काय विचारलंय?

हे मनात आलं मात्र, आणि तिचे हात थांबले. हे तर तांडेलाचंच बोलणं होतं! ते आता तिच्या तोंडी आलं होतं.

ती उठली आणि आधी धाकूकडे गेली. सगळं जसंच्या तसं सांगितलं.

धाकू म्हणाला, "आता सांगतेस?"

"मलाच आता कळलं रे. तुझी कुत्री आंधळी होईल की नाही, मला माहीत नाही. पण भावाशी हिची गाठ घालू नकोस. या रक्ताबाहेरचा कुत्रा बघ. आणि नुसता कुत्रा बघून परतू नकोस, त्याची आई, त्याचा बाप म्हातारपणी कसे आहेत ते बघून ये."

धाकूने मान हलवली. रागावला होता, पण ऐकलं त्याने.

खोतांच्या ओसरीवर मात्र वेगळंच झालं. खोत ताडकन उठून उभे राहिले. "माझ्या कुत्र्याला डाग लावतेस? कालपर्यंत तूच मिरीचे गोडवे गात होतीस!"

"गात होते. चुकले. म्हणून तर आले."

"की धाकूला सगळी पिल्लं एकट्याला हवीत, म्हणून तुला पाठवलंय?"

आवडी खाली मान घालून निघाली. होडीने पलीकडे जाऊन तिने तेल्यालाही सांगितलं, तो हसला. दोन पिल्लं दूरदेशी गेली होती, त्यांच्या मालकांसाठी ती निघणाऱ्या प्रत्येक गलबताबरोबर निरोप धाडत राहिली. पोहोचला की नाही, देव जाणे.

धाकू घाट चढून वर गेला. तीन पेठा फिरला. एका विणकराकडे त्याला याच जातीचा एक तांबूस, साधासा कुत्रा सापडला. त्याची आई अकरा वर्षांची होती आणि अजून उडती माशी पकडत होती. बाप तर धाकूला दुरूनच बघून दात विचकत धावून आला. धाकूने तोच कुत्रा पसंत केला.

खोतांनी तेल्याची कुत्री मागवली, तीही मिरीचीच मुलगी. तिला खोतांच्या कुत्र्यापासून चार पिल्लं झाली. अशी देखणी, की बघायला माणसं होडीतून आली. खोतांनी एक आपल्याकडे ठेवलं आणि तीन बड्या व्यापाऱ्यांना दिली. धाकूच्या तांबूस पिल्लांकडे कुणी फारसं बघितलं नाही.

वर्ष गेलं, दुसरं गेलं. खोतांचा कुत्रा घुशी मारत होता, धाकूची कुत्री मारत होती, तेल्याचीही मारत होती. कुणाच्याही डोळ्याला काही झालं नाही. खोत चारचौघांत म्हणायचे, "काय गं आवडी, कुठे गेलं तुझं आंधळेपण?" लोक हसायचे. काहींनी तिच्याकडून सुंभ घेणंही सोडलं. अपशकुनी बाई म्हणे.

आवडीचा गोंधळ तर आणखीच वाढला. मिरीची इथली मुलं सगळी डोळस, मग आपण बोललो ते खोटं का? आपण उगाच भावाबहिणींची गाठ मोडली का, उगाच माणसं तोडली का? तिला उत्तर सापडत नव्हतं. आंधळी मिरी तिच्या पायाशी हनुवटी टेकून पडलेली असायची. तिच्याकडे बघून आवडी म्हणायची, "मला जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं गं. पुढचं मला ठाऊक नाही."

आणि चौथ्या वर्षी एका सकाळी खोत स्वतः तिच्या अंगणात उभे राहिले. खोत कुणाच्या अंगणात कधी जात नसत. हातात त्यांची कुत्री होती, मिरीची नात. तिच्या डोळ्यांत तीच निळसर झाक होती.

"ही दाराला धडकते," खोत म्हणाले. "मी वखारवाल्या शेटजींना दिलेलं पिल्लूही तसंच झालंय. बाकीच्या दोघांना काही नाही. धाकूची तांबूस पिल्लंही सगळी डोळस. असं कसं? आईबाप डोळस आणि लेकरं आंधळी? आणि तीही सगळी नाहीत, दोनच? मला काही उमगत नाही."

"मलाही नाही उमगत," आवडी म्हणाली. "रक्तात काय काय दडून बसतं, आणि कुणात वर येतं."

"हिला सांभाळायची कशी, ते सांग."

आवडीने त्यांना ओट्यावर बसवलं. "घरातल्या वस्तू जागच्या हलवू नका. जेवण रोज एकाच ठिकाणी. हात लावायच्या आधी बोला, म्हणजे दचकायची नाही. दुखतंय वाटलं की वैद्यांकडे न्या. बाकी ती जगते मजेत. माझी बघा."

खोत मिरीकडे बघू लागले. मग एकदम म्हणाले, "तू तेव्हा ओरडून का नाही सांगितलंस?"

"ओरडले असते तर ऐकलं असतंत?"

"नसतं ऐकलं," खोत म्हणाले.

"खोत, उरलेली दोघं डोळस आहेत ना? त्यांची पिल्लं घ्यायची ठरत असतील. मालकांना सांगायला हवं."

"कोण सांगणार?"

आवडी खाली बसून काथ्या सोडवू लागली.

त्याच दिवशी बंदरातल्या लोकांनी एक नवल पाहिलं. खोत पायी चालत त्या दोन मालकांपैकी एका व्यापाऱ्याच्या दारात गेले. व्यापारी लगबगीने बाहेर आला, पाणी मागवलं, बैठक घातली. खोत उंबऱ्याबाहेरच थांबले. पागोटं काढून त्यांनी हातात घेतलं.

"आधी बसत नाही," ते म्हणाले. "तुमच्या कुत्रीबद्दल एक वाईट गोष्ट सांगायची आहे. ती ऐका. मग मला बसा म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

तात्पर्य एवढंच: मुक्या जिवाची पिल्लं कुणाच्या हाती देणाऱ्याने त्यांच्या रक्तातला दोषही सोबत द्यावा. कळला त्याच दिवशी, आणि कुणी विचारायची वाट न बघता.