नऊ कोंबड्यांची खोगिरं

देवझरीच्या भिवाजीराजांनी आपल्या कोंबड्याला सरदारकी दिली, आणि गडाखालच्या पेठेतल्या कोंबड्यांच्या पाठी उघड्या पडायला लागल्या.

कोंबड्याला सरदारकी कशाला, असं मला विचारू नका. पेठेतही कुणी विचारलं नव्हतं. एका झुंजीत त्याने शेजारच्या राजाचा कोंबडा पळवून लावला, एवढं पुरे झालं. पायात चांदीचा वाळा, बसायला मखमली गादी, आणि वर हुकूम सुटला की सरदार तुरेबाजांना कुणी हुसकायचं नाही. मग काय! सरदार रोज सकाळी गड उतरायचे, दिसेल त्या कोंबडीच्या पाठीवर चढायचे आणि नखांनी तिची पिसं उपटायचे. माणसं हात जोडून बघत उभी राहायची.

ठकूला मात्र बघवेना. तिचे वडील कोंडाजी शिंपी राजाच्या पागेसाठी खोगिरं शिवायचे, पण आता त्यांना दिसेनासं झालं होतं. घर चालायचं ते ठकूच्या नऊ कोंबड्यांच्या अंड्यांवर. त्या कोंबड्यांच्या पाठी सोलवटून लाल झाल्या होत्या. ठकूने खोगिराची उरलेली चिंधी काढली, तळहाताएवढे तुकडे कापले, दुहेरी करून टाचले आणि दोन्ही पंखांखालून बंद घेऊन प्रत्येकीच्या पाठीवर बसवले. पहिल्या दिवशी नऊच्या नऊ कोंबड्या उलट्या चालल्या. दुसऱ्या दिवशी सवय झाली. तिसऱ्या दिवशी सरदार चढले, तर नखं कापडातच अडकली आणि सरदार तोंडावर आपटले.

हे पाहिलं पागेदार सुभानजीने. या गृहस्थाला कायद्याची भारी आवड होती, आणि कोंबडीच्या रश्श्याची त्याहून जास्त. तो तडक राजांकडे गेला.

"महाराज, शिंप्याच्या पोरीने कोंबड्यांवर खोगिरं चढवली आहेत."

"मग?"

"आपलाच कायदा आहे. ज्या जनावरावर खोगीर, ते स्वारासकट हजिरीला आलं पाहिजे. नाही आलं तर जप्त. घोडे पागेत जातात. कोंबड्या..." त्याने तोंडाला सुटलेलं पाणी गिळलं. "कोंबड्या मुदपाकखान्यात."

राजे हट्टी होते. कायदा त्यांनीच केला होता, म्हणजे तो बरोबरच असणार. ठकूला बोलावणं गेलं.

"परवा हजिरी आहे," राजे म्हणाले. "नऊ कोंबड्या आण, आणि प्रत्येकीवर स्वार आण."

"महाराज, कोंबडीवर माणूस कसा बसेल?"

"ते खोगीर शिवताना बघायचं होतंस."

ठकू घरी आली आणि चुलीपुढे बसून ढसाढसा रडली. नावानिशी वाढवलेल्या कोंबड्या होत्या त्या. मग डोळे पुसून तिने वडिलांना विचारलं, "बाबा, हजिरीत पागेदार नक्की काय काय बघतात?" म्हातारा चाळीस वर्षं खोगिरं शिवत आला होता. त्याने सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ठकूला हसू फुटलं.

हजिरीच्या दिवशी मैदानात सरदारांची रांग लागली. प्रत्येक जण घोड्यावर. तुरेबाज तेवढे गादीवर, आणि गादी एका हुजऱ्याच्या हातात. ठकूने दोन डालगी उघडली. नऊ कोंबड्या टुकूटुकू बाहेर आल्या.

"स्वार कुठे आहेत?" सुभानजीने विचारलं.

"येतील की."

तिचं बोलणं संपायच्या आत तुरेबाजांनी गादीवरून उडी ठोकली आणि पहिल्या कोंबडीच्या पाठीवर जाऊन बसले. तिथून दुसरीच्या. रांगेतले घोडेसुद्धा फुरफुरले.

"हे घ्या," ठकू म्हणाली. "स्वार तुमच्याच दरबारचा आहे. इतके दिवस बिनघोड्याचा सरदार होता, बिचारा."

"पण एक स्वार आणि नऊ जनावरं?" सुभानजी ओरडला.

"पागेदारसाहेब, तुमच्या एकट्याच्या दावणीला अकरा घोडी आहेत."

राजांनी मिशीवर हात ठेवला. मिशीखाली काय चाललं होतं ते कुणाला दिसलं नाही. "स्वार मंजूर," ते म्हणाले.

"मग हजिरी पुरी करा, महाराज. खोगीर उतरवून पाठ तपासायची पद्धत आहे ना?"

पद्धत होतीच. सुभानजीला गुडघ्यांवर बसून एकेका कोंबडीचे बंद सोडावे लागले. खाली लाल, सोललेल्या पाठी निघाल्या. राजांचा चेहरा उतरला. जनावराची हेळसांड त्यांना खरंच खपत नसे.

"हे कुणी केलं?"

"स्वारानेच. खोगीर नव्हतं तेव्हा. आणि जनावराची पाठ सोलणाऱ्या स्वाराला काय शिक्षा, ते पागेदारसाहेबांना पाठ असेल."

सुभानजीने ओठ चावले. "पाठ भरेपर्यंत... स्वारी बंद. स्वार कोंडून ठेवायचा."

हुजऱ्याने तुरेबाजांना उचलून डालग्याखाली घातलं. सरदारांनी आतून बांग दिली, पण कायदा तो कायदा.

"अगं पण," राजांनी शेवटचा प्रयत्न केला, "सरदार कोंडला, तर तुझ्या कोंबड्यांचं कसं होणार?"

"काही अडत नाही, महाराज. अंडी द्यायला सरदार लागत नाही."

राजांनी एकदा कोंबड्यांकडे पाहिलं, एकदा घोड्यांवर बसलेल्या आपल्या सरदारांच्या लांबलचक रांगेकडे पाहिलं, आणि ते इतके हसले की पगडी सावरायला दोन माणसं धावली. कोंडाजीला जन्मभराचं धान्य मिळालं. ठकूला राजवाड्यातल्या चाळीस कोंबड्यांची खोगिरं शिवायचं काम मिळालं, कारण त्यांच्याही पाठी उघड्याच होत्या आणि आजवर कुणी बोललं नव्हतं. आणि त्या नऊ कोंबड्या पेठेत घरपोच केल्या त्या पागेदार सुभानजीने, दोन दोन काखेत धरून, पाच खेपांत, पायी.