भागीची हजेरी

आंबेमाचीच्या शाळेचं दार सकाळचा पहिला तास उघडत नाही. तेवढा वेळ शाळा समोरच्या कातळावर भरते. शाळेत खिचडी रांधणारी यमुनामावशी आलेल्या पाहुण्यांनाही तिथंच बसवते. "टेकायला काही नाही हं. माझी कंबर चाळिशीतच रुसलीय, तुमचं तुम्ही बघा," म्हणते, आणि सांगायला लागते.

फार पूर्वी इथं दाजी पंतोजी होते म्हणे. बाहेर लक्ष गेलं की अक्षर वाकडं येतं, या समजुतीनं ते दाराला आतून अडसर घालायचे. कुंभाराची पाच वर्षांची भागी खिडकीशी बसायची. श्रावणात एकदा ती म्हणाली, "गुरुजी, धुकं आलंय. घरी सोडा की."

"आधी धुकं पाटीवर लिही. सुबक आलं की जा."

तिनं तीनदा पुसलं, चौथ्यांदा जमलं. तोवर बाकीची पोरं गेलेली. भागीला शंभरपर्यंत आकडे येत होते. पण वारा उजव्या गालावर घेऊन चाललं की वाडी लागते, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी कड्याच्या टोकाला पाटी सापडली. पालथी पडलेली, म्हणून अक्षर राहिलं होतं. सुबक होतं.

पंतोजींनी अडसर चुलीत घातला. भागी ओ देईपर्यंत पहिला धडा आत होणार नाही, असा पण केला. रोज कातळावर बसून पोरांना वारा ओळखायला, वाट ओळखायला शिकवायचं, मग हजेरी. शेवटी भागीचं नाव, आणि सगळे गप्प. बारा वर्षं त्यांनी हाक मारली म्हणे. पुढं आवाज गेला, तरी ओठ हलायचे. ओ आली नाही. त्यानंतर माचीवर एकही पोर चुकलं नाही असं सांगतात. भागीच्या आईला त्याचं काय.

आजही हजेरी कातळावरच होते. भागीपुढे गैरहजर लावत नाहीत, चौकट कोरी ठेवतात. तेवढा वेळ यमुनामावशीही कान देऊन उभी राहते, अन् खिचडी खाली लागते. पटावर आता दोनच नावं उरलीत, सारजा आणि भागी. सारजा जूनपासून गाडीनं खालच्या गावातल्या शाळेत जाणार.

काल जेवताना तिनं विचारलं, "मावशी, मी गेल्यावर भागीनं ओ दिली तर?"

यमुनामावशी म्हणाली, "आधी घास संपव."